भुजंगधारीतला फिका पडलेला तारा: धुळीने अडवलेला अतिनील प्रकाश घरी बसून कसा मोजावा

एप्रिलच्या मध्यात पहाटे साडेतीनच्या सुमारास चोर्ला घाटाच्या माथ्यावर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वृश्चिक ऐन मध्यावर आलेला असतो. ज्येष्ठेची तांबूस ठिणगी ओळखायला वेळ लागत नाही. आता हात लांब करून मूठ धरा. ज्येष्ठेच्या जवळजवळ सरळ वर, दीड मूठ अंतरावर, एक मध्यम तेजाचा तारा दिसेल. हा भुजंगधारीच्या गुडघ्यावरचा झीटा. त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, २.५६ (आकडा जितका मोठा तितका तारा मंद). सहसा कोणी दुसऱ्यांदा त्याच्याकडे पाहत नाही.

पण त्याचा वर्णपट वेगळेच सांगतो. तापमानानुसार केलेल्या वर्गवारीत हा सर्वांत तप्त ताऱ्यांपैकी, ओ ९.५ वर्गाचा तारा आहे, पृष्ठभागाचे तापमान तीस हजार अंशांहून जास्त. इतका तापलेला तारा निळाशार दिसायला हवा. प्रत्यक्षात त्याचा रंग अभिजितसारखा पांढरा मोजला जातो, आणि अभिजितचे तापमान दहा हजारांच्या आसपास. नुसत्या रंगावर विश्वास ठेवला तर वीस हजार अंशांची चूक होते. ही चूक घडवते ती आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये पसरलेली धूळ. दृश्य प्रकाशात ती जेवढे नुकसान करते, त्याच्या कितीतरी पट अतिनील प्रकाशात करते. ते नुकसान आकड्यांत कसे मांडायचे हे खाली सांगतो. दुर्बीण लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि मिरग लागल्यानंतरच्या चार-पाच निवांत संध्याकाळी पुरतात. पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून लागणाऱ्या फाइली आधीच उतरवून ठेवा.

ही धूळ कसली

गोव्यात डिचोली, साखळी, उसगावच्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा कडेच्या फणसाच्या पानांवर लाल थर बसायचा. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना "धुळीमुळे तारा लालसर होतो" असे सांगितले की त्यांच्या डोळ्यांपुढे तीच धूळ उभी राहते. हा गैरसमज पहिल्याच दिवशी काढायला हवा. खाणीची धूळ लाल दिसते ती तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, तो तिचा स्वतःचा रंग आहे. ताऱ्यांमधल्या धुळीच्या बाबतीत मुद्दा रंगाचा नाही, कणांच्या आकाराचा आहे. तिथले कण सिलिकेटचे आणि कार्बनचे, साधारण पाच नॅनोमीटरपासून अडीचशे नॅनोमीटरपर्यंतचे, आणि त्यांत बारीक कणांची संख्या प्रचंड. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत कण फारच लहान असला तर प्रकाश त्याला जुमानत नाही. तरंगलांबी कमी होत कणाच्या आकाराच्या जवळ आली की कण तिला अडवू लागतो. म्हणून लाल प्रकाश बराचसा सुटतो, निळा जास्त अडतो आणि अतिनील तर सगळ्यात जास्त. तारा लालसर होतो याचा अर्थ त्याच्यात लाल रंग मिसळला असा नसून त्याच्यातला निळा कमी झाला असा आहे. केरीच्या किनाऱ्यावर मावळता सूर्य तांबडा दिसतो त्यामागचे तत्त्व याच्या जवळचे आहे. फरक एवढाच की तिथे हे काम मुख्यतः हवेचे रेणू करतात.

अडवणे दोन प्रकारचे असते. काही प्रकाशकण धूळ गिळते, काही दुसऱ्या दिशेला फेकते. आपल्यापर्यंत न पोचलेल्या एकूण प्रकाशाला मी पुढे नुसती "घट" म्हणेन आणि ती प्रतींमध्ये मोजेन. गिळलेला अतिनील प्रकाश नाहीसा होत नाही. त्याने कण जेमतेम वीस अंश केल्व्हिनपर्यंत तापतात आणि तीच ऊर्जा शंभर मायक्रॉनच्या आसपास अवरक्तात बाहेर टाकतात. हे लक्षात ठेवा, आकाशातल्या धुळीचे नकाशे याच उजेडावरून तयार झाले आहेत.

धूळ खरोखर सगळीकडे आहे हे १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले. तारकागुच्छांची अंतरे त्याने दोन रीतींनी काढली, एकदा ताऱ्यांच्या तेजावरून आणि एकदा गुच्छाच्या दिसणाऱ्या व्यासावरून. दूरच्या गुच्छांत दोन्ही उत्तरे जुळेनात. तारे अंतराच्या मानाने जास्तच मंद होते. मधे काहीतरी प्रकाश खात होते.

वक्र डोक्यात बसवा

आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी एक चित्र मनात पक्के करा. दृश्य पट्ट्यात, म्हणजे ५५० नॅनोमीटरच्या आसपास, घट बरोबर एक प्रत आहे असे समजा. आपल्या आकाशगंगेतल्या सरासरी धुळीसाठी बाकीच्या ठिकाणी काय होते ते पाहा. अवरक्तात, २.२ मायक्रॉनला, घट फक्त ०.११. निळ्या पट्ट्यात १.३. ३०० नॅनोमीटरला १.८. २५० ला २.३. २१७.५ ला एकदम ३.२. मग ती खाली येते, १७० ला २.५. पुन्हा चढू लागते, १५० ला २.७, १३० ला ३.१ आणि १२० ला ३.६.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे २१७.५ नॅनोमीटरवरचा उंचवटा. १९६५ मध्ये थिओडोर स्टेचरला तो रॉकेटवरून घेतलेल्या निरीक्षणांत सापडला. तारा कोणताही घ्या, उंचवट्याचे शिखर जवळजवळ त्याच जागी राहते. त्याची रुंदी आणि उंची मात्र बदलते. तो कार्बनच्या कुठल्यातरी रूपामुळे होतो असे बहुतेक सगळे मानतात. ग्राफाइट आणि षट्कोनी कड्यांचे मोठे कार्बनी रेणू हे त्यासाठीचे मुख्य उमेदवार, पण शेवटचा निवाडा झालेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे १७० च्या अलीकडची चढण. ती सर्वांत बारीक कणांची करामत. हा उंचवटा आणि ही चढण एकमेकांना बांधलेली नाहीत. एका दिशेला उंचवटा ठळक आणि चढण मंद असते, दुसऱ्या दिशेला नेमके उलटे. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

माहिती कुठून आणायची

ओझोनमुळे ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जमिनीपर्यंत येतच नाही. चोर्ला काय आणि हिमालय काय, या बाबतीत सारखेच. त्यामुळे उपग्रहांच्या नोंदी हाच एक आधार. सुरुवातीला सर्वांत सोयीचा म्हणजे इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर, थोडक्यात आययूई. १९७८ ते १९९६ पर्यंत त्याने तेजस्वी ताऱ्यांचे हजारो वर्णपट घेतले. एका कॅमेऱ्यात ११५ ते १९८ नॅनोमीटर, दुसऱ्यात १८५ ते ३३५. मास्ट नावाच्या संग्रहात ते सर्वांना मोफत मिळतात. दोन्ही कॅमेऱ्यांचे वर्णपट घ्या. एकच घेतला तर उंचवट्याची अर्धी बाजू हाताशी राहत नाही.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावर अतिनील प्रतिमा घेणारी यूव्हीआयटी ही जुळी दुर्बीण आहे, दोन्ही आरसे ३८ सेंटीमीटरचे. उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला अवकाशात गेला. जवळच्या अतिनील पट्ट्याची तिची वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली, पण तोवरच्या नोंदी इस्रोच्या संग्रहात आहेत. तिच्या चाळण्यांपैकी (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरांपैकी) एन-२१९-एम जवळजवळ उंचवट्याच्या शिखरावर बसते आणि एन-२६३-एम त्याच्या बाजूला, म्हणून धुळीच्या अभ्यासाला ही जोडी उत्तम. झीटासारखे फार तेजस्वी तारे मात्र तिच्या नोंदींत शोधू नका. संवेदकाला धोका होतो म्हणून ती अशा ताऱ्यांकडे वळतच नाही. पहिला सराव आययूईवरच करा.

पहिली पायरी: तारा निवडणे

फक्त ओ आणि बी वर्गाचे तारे घ्या. थंड ताऱ्यांच्या अतिनील वर्णपटात लोहाच्या शोषणरेषांची एवढी गर्दी असते की धुळीचा उंचवटा त्यात हरवतो. वर्ग, प्रत आणि रंग हे तिन्ही सिम्बाद या सूचीत मिळतात. वर्णपटात उत्सर्जनरेषा दाखवणारे बी तारे सुरुवातीला टाळा. त्यांच्याभोवतीची वायूची चकती स्वतःच रंग बिघडवते आणि तो दोष धुळीच्या नावावर जातो.

दुसरी पायरी: लाली मोजणे

निळ्या पट्ट्यातली प्रत वजा दृश्य पट्ट्यातली प्रत म्हणजे रंगांक, बी उणे व्ही. झीटाचा मोजलेला रंगांक +०.०२. ओ ९.५ वर्गाच्या धूळमुक्त ताऱ्याचा असायला हवा −०.३०. फरक ०.३२. हीच त्याची लाली. सगळी इमारत या एका आकड्यावर उभी असते, म्हणून इथे घाई करू नका. लालीत ०.०२ ची चूक म्हणजे १५० नॅनोमीटरला ०.१६ प्रतीची चूक, तेजात सुमारे सोळा टक्के. ताऱ्याचा वर्ग एका पायरीने चुकला तरी एवढा फरक सहज पडतो.

काहीजण लाली मोजायचे सोडून आकाशाच्या धूळ-नकाशावरून तिचा आकडा उचलतात. १९९८ चा श्लेगल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांचा नकाशा दुसऱ्या दीर्घिकांसाठी अत्यंत उपयोगी आहे, पण तो आकाशगंगेच्या काठापर्यंतची एकूण धूळ देतो. तुमचा तारा त्या धुळीच्या अलीकडे असेल तर नकाशा त्याच्यावर नसलेली धूळ लादतो. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून पाच अंशांच्या आत तर तो वापरूच नये. नंतरच्या तपासणीत या नकाशाचे आकडे सुमारे चौदा टक्के जास्त आहेत असे आढळले, म्हणून वापरलाच तर २०११ ची दुरुस्ती लावून वापरा.

तिसरी पायरी: लालीवरून घट

लालीला एका गुणकाने गुणले की दृश्य पट्ट्यातली घट मिळते. या गुणकाला आरव्ही म्हणतात आणि सरासरी ठिकाणी तो ३.१ असतो. झीटासाठी ०.३२ गुणिले ३.१ म्हणजे जवळजवळ १ प्रत. धूळ नसती तर हा तारा २.५६ ऐवजी १.६ च्या आसपास दिसला असता, आपल्याला दिसतो त्याच्या अडीच पट तेजस्वी. चोर्ल्याच्या माथ्यावरून दुसऱ्यांदा न पाहण्याचा प्रश्नच उरला नसता.

आता वक्राचे आकडे घ्या. कार्डेली, क्लेटन आणि मॅथिस यांनी १९८९ मध्ये दिलेले सूत्र कुठल्याही तरंगलांबीला घट काढून देते. ते स्प्रेडशीटमध्ये लिहिता येते किंवा पायथॉनच्या डस्ट एक्स्टिंक्शन या संचात तयार मिळते. झीटासाठी २१७.५ ला घट ३.२ प्रती येते, १५० ला २.६. प्रतींचे पटीत रूपांतर करायला घटीला ०.४ ने गुणा आणि दहाचा तेवढा घात घ्या. उत्तर असे: दृश्य प्रकाशाची घट अडीच पट, १५० नॅनोमीटरला अकरा पटींहून जास्त आणि २१७.५ ला सुमारे अठरा पट. एकच तारा, एकच धूळ.

आरव्ही ३.१ धरण्याआधी मात्र तारा कुठे आहे ते पाहा. दाट ढगांत बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, निळ्या-लाल प्रकाशातला भेद कमी होतो आणि आरव्ही पाचापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. दृश्य घट एक प्रत ठेवून आरव्ही ५ धरला तर १५० नॅनोमीटरची घट २.७ वरून १.५ वर येते. म्हणजे बारा पटींऐवजी चार पट. सरासरी आकडा डोळे मिटून लावला तर तुम्ही ताऱ्याला तिप्पट अतिनील प्रकाश फुकट देऊन टाकता.

चौथी पायरी: जुळ्यांची तुलना

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत समाधान देणारा भाग आहे. सूत्रावर विसंबायचे नसेल तर एकाच वर्गाचे दोन तारे घ्या, एक धुळीमागचा आणि एक मोकळ्या आकाशातला. त्यांचे वर्णपट एकमेकांना भागले की ताऱ्याचा स्वतःचा स्वभाव निघून जातो आणि मागे उरते ती धूळ.

यासाठी सारथीतला एई आणि कपोतातला म्यू यांच्याइतकी देखणी जोडी नाही. दोघेही ओ ९.५ वर्गाचे. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी मृगाच्या परिसरातून दोघे विरुद्ध दिशांना फेकले गेले, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. कपोतातला म्यू जवळजवळ धूळमुक्त जागेत आहे, रंगांक −०.२८. सारथीतला एई सध्या एका धूळढगातून चालला आहे आणि त्याचा रंगांक +०.२२ च्या आसपास. लालीतला फरक अर्ध्या प्रतीचा. जानेवारीत वाळपईच्या पलीकडे, दिव्यांपासून दूर गेलात तर एकाच रात्री दोघेही द्विनेत्रीतून दिसतात. आधी ते डोळ्यांनी पाहून या, मग आकडेमोडीला बसा. हातातल्या आकड्यांची ओळख त्याने वेगळीच होते.

कृती अशी. दोघांचे आययूई वर्णपट एकाच तरंगलांबी-जाळीवर आणा, पाच नॅनोमीटरच्या खिडक्या पुरेशा होतात. प्रत्येक खिडकीत तेजाचे गुणोत्तर काढून त्याचे प्रतींत रूपांतर करा, धुळीमागचा वजा मोकळा. त्यातून दोघांच्या दृश्य प्रतींचा फरक वजा करा. या वजाबाकीने अंतराचा प्रश्न मिटतो, कारण अंतराने होणारी मंदता सर्व रंगांत सारखी असते. उरलेल्या आकड्याला ०.५० ने भागा. धूळ सरासरी असेल तर २१७.५ ला उत्तर ६.८ च्या जवळ येईल आणि १५० ला ५.२ च्या जवळ. तुमचा आकडा याहून वेगळा आला तर तो लगेच चूक समजू नका. त्या दिशेची धूळ तशीच असू शकते. ती मोजणे हाच तर उद्देश.

काही खिडक्या गाळाव्या लागतील. १२५ नॅनोमीटरच्या खाली हायड्रोजनची मोठी शोषणरेषा सगळे गिळते. १४० आणि १५५ च्या आसपास तप्त ताऱ्यांच्या वाऱ्यातल्या सिलिकॉन आणि कार्बनच्या रेषा असतात. दोन ताऱ्यांचे वारे सारखे नसले तर तिथे खोटे खड्डे-उंचवटे दिसतात.

पाचवी पायरी: उत्तर तपासणे

दुरुस्ती केलेला वर्णपट काढा आणि २१७.५ च्या आजूबाजूला नीट पाहा. तप्त ताऱ्याच्या स्वतःच्या प्रकाशात तिथे असा रुंद खळगा किंवा फुगवटा नसतो. दुरुस्तीनंतरही खळगा उरला असेल तर घट कमी धरली आहे, किंवा या दिशेचा उंचवटा सरासरीपेक्षा मोठा आहे. फुगवटा आला असेल तर उलटे. दोन शक्यतांतली खरी कोणती हे १३० ते १७० चा भाग सांगतो. तो बरोबर बसला आणि फक्त २१७.५ ला बिघाड असेल तर दोष उंचवट्याचा. दोन्हीकडे एकाच दिशेने बिघाड असेल तर लालीचा आकडा पुन्हा तपासा.

हीच तपासणी आणखी एक चूक पकडून देते. मी एकदा तीन आठवडे एका ताऱ्यावर घालवले. प्रत्येक वेळी २१७.५ ला भलामोठा फुगवटा येत होता. मी आरव्ही बदलला, वर्ग बदलला, सूत्र पुन्हा लिहिले. शेवटी कळले की ज्या तक्त्यातून मी तेजाचे आकडे घेतले होते त्यात धुळीची दुरुस्ती आधीच केलेली होती, आणि तसे तळटिपेत लिहिलेही होते. मी तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा करत होतो. तेव्हापासून प्रत्येक फाइलीच्या नावातच "कच्चे" किंवा "दुरुस्त" असे लिहायची सवय लावून घेतली आहे. तुम्हीही लावा.

रंग फसवतो तेव्हा

गॅलेक्स या उपग्रहाच्या प्रतिमा वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. त्याचा दूरचा अतिनील पट्टा १५३ नॅनोमीटरच्या आसपासचा आणि जवळचा २२७ च्या आसपासचा. जवळचा पट्टा उंचवट्याला पोटात घेतो. त्यामुळे एक प्रत लालीला दूरच्या पट्ट्यात सुमारे ८.१ प्रती घट होते आणि जवळच्या पट्ट्यात सुमारे ८.०. फरक नगण्य. म्हणजे दोन्ही प्रतिमांत ताऱ्याचा प्रकाश दहा-वीस पटींनी कमी झालेला असला तरी त्यांच्यातला रंग जवळजवळ तसाच राहतो. "रंग बदलला नाही, म्हणजे धूळ नाही" हा निष्कर्ष इथे सपशेल चुकतो. या दोन पट्ट्यांबरोबर एखादा दृश्य पट्टा जोडल्याशिवाय लालीबद्दल काहीही बोलू नका. हाच गुण उलट बाजूने उपयोगीही पडतो: आकाशगंगेची सरासरी धूळ असेल तर हा रंग तापमानाचा बऱ्यापैकी प्रामाणिक निदर्शक ठरतो.

दीर्घिकांकडे वळाल तेव्हा आणखी सावध व्हा. देवयानी दीर्घिकेच्या दिशेला आपल्याच आकाशगंगेची लाली जेमतेम ०.०६ आहे. क्षुल्लक वाटते. पण दूरच्या अतिनील पट्ट्यात त्याने अर्धी प्रत जाते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश, आणि यात देवयानीची स्वतःची धूळ अजून धरलेलीच नाही. तिथे तारे आणि धूळ एकमेकांत मिसळलेले असतात, काही तारे ढगापुढे, काही मागे, आणि विखुरलेला प्रकाश पुन्हा आपल्याकडे वळतो. एका ताऱ्यासाठी काढलेला वक्र अशा मिश्रणाला जसाच्या तसा लावता येत नाही. लहान मॅगेलनी मेघाच्या मुख्य पट्ट्यात तर बहुतेक दिशांना उंचवटाच नसतो आणि दूरच्या अतिनीलातली चढण फार तीव्र असते. तिथल्या ताऱ्यावर आपल्याकडचे सरासरी सूत्र लावले तर २१७.५ ला नसलेला फुगवटा तुम्ही स्वतः तयार कराल.

चवथीपर्यंत झीटा आणि ती जुळी जोडी हातावेगळी झाली की पुढचा तारा मृगातला घ्या, मोठ्या तेजोमेघाच्या पोटातला थीटा-एक सी. त्याचा आरव्ही सुमारे ५.५. आधी ३.१ धरून दुरुस्ती करा, मग ५.५ धरून, आणि दोन्ही वर्णपट एकाच कागदावर छापा. दिवाळीनंतर मृग पूर्वेला वर येऊ लागला की तो कागद घेऊन गच्चीवर जा.